घरी परतल्यानंतरचे दिवस

अभ्यासासाठी उतारा : मार्क ५:२१-२४ आणि ३५-४३



काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेत असताना तेथील एका लहान मुलीच्या अंगावर आंघोळीचे कढत पाणी सांडले. मान, छाती आणि उजवा हात भाजला. ती इस्पितळात होती तोवर सारा धर्मग्राम धावून गेला. कोणी रक्त दिले, कोणी डबे पोचवले, विभागाविभागांत रोझरी झाली. मुलगी वाचली, घरी आली. आपण देवाचे आभार मानले आणि आपापल्या कामाला लागलो. चार महिन्यांनी तिची आई आम्हाला म्हणाली, "फादर, इस्पितळात बसायला जागा पुरत नव्हती. आता दार वाजलं तर दूधवालाच असतो." आम्हीही त्या घरी एकदाच गेलो होतो. म्हणून हा अभ्यास प्रथम आमच्यासाठीच आहे. (त्या कुटुंबाच्या परवानगीने हे लिहीत आहोत.)

याईराची मुलगी बारा वर्षांची होती. तिच्या घरी प्रभू येशूने काय केले, ते क्रमाने पाहू.

१. येशूने गर्दी बाहेर काढली
रडणारे लोक घटकेत हसू लागले, असे मार्क सांगतो. अशा गर्दीचा आईबापांना आधार नसतो. भाजलेल्या त्वचेला जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणूनही भेटीला गर्दी नको. मुलाचे फोटो मोबाईलवर फिरवू नयेत. "कसं झालं? तू कुठे होतीस?" हे तर विचारूच नये. आई तो प्रश्न स्वतःला रात्रंदिवस विचारत असते. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर दोष येऊ दिला नाही (योहान ९). सेमिनरीत आम्ही दुःखाच्या कारणांवरचे तत्त्वज्ञान शिकलो, पण त्या खाटेजवळ त्यातला एकही युक्तिवाद कामी आला नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले तेव्हा ते चुकले.

२. येशूने आईबापांना सोबत घेतले
घरी आल्यावर आईबापच परिचारिका होतात. व्रण जाड होऊ नयेत म्हणून घट्ट कपडे दिवसाचे जवळजवळ २३ तास, तेही अनेक महिने घालावे लागतात. सांधे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम द्यावा लागतो. मूल ओरडते आणि आईलाच हात धरून ताणावा लागतो. अशा घराला "काही लागलं तर सांगा" म्हणणे पुरेसे नाही. "मंगळवारी फिजिओथेरपीला आम्ही रिक्षा घेऊन येतो," "धाकट्याचा अभ्यास आमच्याकडे होईल," असे नेमके बोलावे. भावंडे या काळात फार एकटी पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांचे उपचार येतात. इस्पितळ त्या योजनेत आहे का, हे पाहून कागदपत्रे जमवून देणे हीही प्रेमाची सेवा आहे.

३. येशूने मुलीच्या जेवणाची आठवण ठेवली
चमत्कार झाला, सारे थक्क झाले. तेव्हा मुलीला भूक लागली असेल हे फक्त येशूच्या लक्षात आले. चमत्कारानंतरही घरात चूल पेटावीच लागते. मूल वाढते, पण व्रण त्याच्याबरोबर तसा ताणला जात नाही, म्हणून काहींना पुढेही शस्त्रक्रिया लागते. पहिल्या आठवड्यात पन्नास डबे गेले. त्यातले थोडे सहाव्या महिन्यासाठी राखून ठेवता आले असते.

४. मुलगी उठून चालू लागली
तिला 'बिचारी' म्हणून खाटेवरच ठेवू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती परत येण्यापूर्वी शिक्षकांनी इतर मुलांना सांगावे की भाजल्याचे व्रण संसर्गजन्य नसतात. मिस्सेत वळून पाहू नका, व्रण दाखवायला सांगू नका. तिचे नाव घेऊन हाक मारा, गायनात तिची जागा तिला द्या.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार फक्त मरणासन्नांसाठी नाही. जाणते झालेल्या, म्हणजे साधारण सात वर्षांपुढील, गंभीर जखमी मुलालाही तो देता येतो. आम्हाला वेळेवर कळवा.

समूहात चर्चेसाठी
१) आपल्या विभागात इस्पितळातून परतलेले कोणते कुटुंब आपण विसरलो आहोत?
२) येत्या सहा महिन्यांत त्यांच्यासाठी कोण, कोणत्या वारी, काय करील? नावे लिहून काढा.

प्रार्थना : हे प्रभो, याईराच्या घरी तू घाईने निघून गेला नाहीस. आम्हालाही थांबायला शिकव. आमेन.

आपले धर्मगुरू