शिवपूरचे वनस्पती उद्यान : तळी, पायवाटा आणि हुगळीची भरती

गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील भूमी सपाट आहे. डोंगर नाही, खडक नाही, दोन मीटरचा नैसर्गिक चढही अपवादानेच सापडतो. अशा भूमीवर दाट वृक्षराजी, तळी आणि नदीकाठ यांच्यामधून दोन-तीन तास सहज पायी हिंडता येईल असे स्थळ कोलकात्याच्या परिसरात शोधू गेल्यास शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचे नाव प्रथम घ्यावे लागते. हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावडा जिल्ह्यात वसलेल्या या उद्यानाचा विस्तार २७३ एकर, म्हणजे सुमारे ११० हेक्टर आहे. त्यात चोवीस तळी आहेत. आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान हे त्याचे २००९ पासूनचे अधिकृत नाव होय. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था १९६३ पासून त्याचा कारभार पाहते.

परीक्षार्थींच्या टिपणवहीत हे उद्यान बहुधा दोन नोंदींत आटोपते : स्थापना १७८७ आणि महाकाय वटवृक्ष. तथापि या उद्यानातील वाटा इतक्या सुगम का आहेत आणि तेथील तळी कोठून आली, हा प्रश्न विचारला की इतिहास, भूगोल व पर्यावरण हे तिन्ही विषय एकत्र येतात.

कंपनीची बाग

१७७० च्या दुष्काळाने बंगालची फार मोठी लोकसंख्या नाहीशी केली. त्याच्या आठवणी ताज्या असताना, १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट किड यांनी वनस्पती उद्यानाचा प्रस्ताव कंपनीपुढे मांडला. दुर्मीळ वनस्पतींचा शोभेचा संग्रह हा त्याचा हेतू नव्हता. दुष्काळात उपयोगी पडणारी साबुदाण्याचा माड व खजूर यांसारखी झाडे, जहाजबांधणीसाठी साग आणि व्यापारासाठी मसाल्याची पिके यांची रोपे तयार करून ती सर्वत्र पसरवावीत, असे त्याचे स्वरूप होते. दुष्काळनिवारण आणि कंपनीचा नफा या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात होत्या, हे लक्षात घ्यावयास हवे.

जायफळ, लवंग व मिरी बंगालच्या हवामानात रुजली नाहीत. हा प्रयोग फसला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. कोणते पीक कोठे येणार नाही हे सरकारी खर्चाने एकदा सिद्ध झाले आणि पुढील अनेकांचा पैसा वाचला. उलट वेस्ट इंडीजमधून १७९५ मध्ये आलेले महोगनी येथे उत्तम वाढले. १८३० च्या दशकात चिनी बियांपासून चहाची रोपे येथे तयार करून आसाम व हिमालयाच्या पायथ्याकडे पाठविण्यात आली.

१७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग अधीक्षक झाले. भारतीय वनस्पतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. भारतीय चित्रकारांकडून त्यांनी करवून घेतलेली वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे हा या उद्यानाचा अमोल ठेवा होय. रॉक्सबर्ग यांचे ग्रंथ श्रीरामपूरच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध करणारे विल्यम केरी मराठी वाचकाला अन्य कारणाने परिचित आहेत : १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश त्यांच्याच नावावर आहेत. मुंबई इलाख्यातही असाच प्रवाह दिसतो. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती बागेचे १८३८ पासूनचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हेच १८४७ मध्ये त्या इलाख्याचे वनसंरक्षक झाले. बागेतून वनखाते निघाले, असे म्हणता येईल.

वादळाने मोकळी केलेली जमीन

ऑक्टोबर १८६४ मधील चक्रीवादळाने नदीचे पाणी उद्यानात शिरले आणि निम्म्याहून अधिक वृक्ष आडवे झाले. १८६७ च्या वादळाने उरलेल्यांतील पुष्कळ नेले. सावली गेल्यावर कोवळ्या वनस्पती उन्हाने करपल्या व गवत माजले. १८७१ मध्ये जॉर्ज किंग अधीक्षक म्हणून आले तेव्हा त्यांच्यासमोर जवळजवळ कोरी जमीन होती.

किंग यांनी निवडलेला मार्ग स्थापत्याचा होता. सखल, दलदलीची जमीन खोदून त्यांनी तळी केली. निघालेल्या मातीचे दोन उपयोग झाले. एक तर सपाट जमिनीवर हलके उंचवटे तयार झाले. दुसरे असे की पावसाळ्यात बुडणारे रस्ते उंच उचलता आले. तळी जमिनीखालील नळांनी एकमेकांशी व हुगळीशी जोडण्यात आली. म्हणजे आज ज्या वाटेने पर्यटक कोरड्या पायाने चालतो ती वाट आणि तिच्या शेजारचे तळे ही एकाच खोदकामाची दोन फळे आहेत. तळी केवळ शोभेची असती तर त्यांत गाळ साचल्याने फार बिघडले नसते. परंतु ती पावसाचे पाणी काढून देणारी आणि उन्हाळ्यात झाडांना ओल पुरविणारी यंत्रणाही आहेत.

किंग यांचा कारभार बागेपुरता नव्हता. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची स्थापना झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. दार्जिलिंगच्या सिंकोना मळ्यांतील क्विनाइनच्या पुड्या १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून अल्प किमतीस विकण्याची योजनाही त्यांचीच.

पायी फिरताना

उद्यानातील मुख्य मार्ग रुंद व सावलीचे आहेत. त्यांना फुटणाऱ्या पायवाटा तळ्यांच्या काठाकाठाने वळत जातात. चढ नसल्याने वृद्धांना व मुलांनाही त्या झेपतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम. पाम वृक्षांची रांग, महोगनीची गर्द सावली, तळ्यात ताटासारखी काठ वळलेली पाने पसरणारी व्हिक्टोरिया जातीची महाकमळे असा क्रम मनाप्रमाणे बदलता येतो. एका वृक्षाचे कोणतेही पान दुसऱ्यासारखे नसते; त्याला लोक ‘पागल गाछ’ म्हणतात. नदीकाठी रॉक्सबर्ग यांचे जुने निवासस्थान आहे. समोरच्या तीरावर गार्डन रीच आणि मटियाबुर्ज दिसतात. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी आपले उर्वरित आयुष्य तेथेच घालविले.

मुख्य प्रवेशद्वारापासून महाकाय वटवृक्षापर्यंत साधारण अर्ध्या तासाची चाल आहे. या वृक्षाचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानले जाते. वादळांत जखमी झालेल्या त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. आज उभा आहे तो तीन हजारांहून अधिक पारंब्यांचा, दीड हेक्टरहून अधिक जागा व्यापणारा, मधोमध खोड नसलेला वृक्ष. त्याच्याभोवती ३३० मीटर परिघाचा रस्ता बांधण्यात आला होता. वडाने तो ओलांडला.

येथे एक भेद अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य घोषित होते तेव्हा प्रजातीचे तिच्या मूळ अधिवासात संरक्षण होते. वनस्पती उद्यान हे त्याहून वेगळे, अधिवासाबाहेरील संवर्धनाचे साधन आहे. येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात सुमारे वीस लाख वाळविलेले नमुने जतन केलेले आहेत. तसेच हे उद्यान आणि शहराच्या दुसऱ्या बाजूस असलेली, २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेली साडेबारा हजार हेक्टरची पूर्व कोलकाता पाणथळ भूमी यांची गल्लत करू नये.

पाण्याचा प्रश्न

हुगळी येथे भरती-ओहोटीची नदी आहे. दिवसातून दोनदा तिचे पाणी चढते व उतरते. ही लय उद्यानाच्या तळ्यांना उपयोगी पडावी अशीच रचना होती : भरतीला पाणी आत घ्यावयाचे, ओहोटीला जास्तीचे बाहेर सोडावयाचे. मात्र नदी पाण्याबरोबर गाळही आणते. याच गाळाने कोलकाता बंदर अडचणीत आले आणि १९७५ मध्ये फराक्का बंधाऱ्यातून ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने गंगेचे पाणी हुगळीकडे वळवावे लागले. बंदरासाठी राष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला. बागेच्या तळ्यांतील गाळ, जलपर्णी आणि तुंबलेले नळ यांच्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. भोवतालच्या दाट वस्तीचा भार व नदीकाठाची धूप यांचीही त्यात भर पडली आहे. तळ्याची नदीशी असलेली जोडणी तुटली की त्याचे डबके होते. काठावरील मुळे पावसाळ्यात गुदमरतात व उन्हाळ्यात तहानतात. रोपे लावण्याचा समारंभ दरवर्षी करता येतो. नळ साफ करण्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून ते मागे पडते.

२० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळाने उद्यानातील शेकडो झाडे पाडली. महावटाच्याही काही पारंब्या मोडल्या. अशा वेळी उद्यानाचे कर्मचारी जी पद्धत वापरतात ती साधी आहे. हवेत लोंबणारी कोवळी पारंबी पोकळ बांबूत घालून जमिनीपर्यंत उतरविली जाते. जेथे फांद्यांना आधार कमी असेल त्या बाजूच्या पारंब्या आधी निवडतात. जमिनीत शिरून खांब बनावयास पारंबीला काही वर्षे लागतात.