आरोग्यसेवेची प्रत कशी तोलावी?

नागपूरच्या सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकांना चरकसंहितेतील ‘चतुष्पाद’ ही कल्पना सुपरिचित असते. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद; प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण तेथे सांगितले आहेत. वैद्याजवळ शास्त्राचे निर्मळ ज्ञान, विपुल अनुभव, दक्षता व शुचिता असावी. परिचारकाच्या ठायी रुग्णाविषयी आपुलकी असावी. रुग्णाने आपली व्यथा नीट सांगावी. सेवेची प्रत पारखण्याची ही एक प्राचीन चौकटच होय.

आधुनिक काळात या विचाराला निश्चित रूप दिले ते डॉ. अव्हेदिस डोनाबेडियन यांनी. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी परीक्षणाची तीन अंगे मांडली : साधने, कार्यपद्धती आणि फलित. प्रसूतीचे उदाहरण घेऊ. खोली, पाणी, औषधे व प्रशिक्षित परिचारिका ही साधने झाली. हात धुतले काय, रक्तदाब पाहिला काय, बाळाचे वजन केले काय, ही झाली कार्यपद्धती. माता व बालक सुखरूप राहिले की नाही, हे फलित.

यांपैकी कोणतेही एक अंग स्वतंत्रपणे पाहिल्यास फसगत होते. इमारत उत्तम असूनही सेवा निकृष्ट असू शकते. केवळ मृत्यूंची संख्या पाहिली, तर अत्यवस्थ रुग्णांना दाखल करून घेणारे रुग्णालय दोषी दिसते आणि त्यांना परत पाठविणारे निर्दोष ठरते. म्हणून फलिताची पारख तुलनेनेच करावी लागते.

अशा तुलनेचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९३-९५ मध्ये या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत मात्र ते जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे मोठी इमारत नव्हती. कार्यपद्धती अचूक होती, आणि प्रत्येक जन्म व मृत्यू यांची नोंद ठेवण्याची शिस्त होती.

शासकीय आरोग्यसंस्थांसाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आखली. त्यांच्या आठ विभागांत साधनसामग्री व उपचारांबरोबर रुग्णांचे हक्क, संसर्गनियंत्रण आणि फलित यांचाही समावेश आहे.

तथापि तपासणीपत्रक भरणे म्हणजे परीक्षण नव्हे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आरोग्य केंद्रात तीन प्रश्न अवश्य विचारावेत : येथे काय आहे? त्याचा उपयोग कसा होतो? त्यातून रुग्णाचे काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केंद्राच्या नोंदवहीत पुरते मिळत नाही. त्यासाठी गावातील घरांपर्यंत जावे लागते. ज्या बालमृत्यूची नोंदच झाली नाही, तो कोणत्याही चौकटीत दिसत नाही आणि म्हणून टाळलाही जात नाही.