संकट कोणाच्या पापामुळें?

शास्त्रपाठ : लूक 13:1-5, प्रेषितांचीं कृत्यें 11:27-30.

3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें. आमची दिघी ज्या श्रीवर्धन तालुक्यांत आहे तेथें घरांचे पत्रे उडाले व नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळीं मनुष्य विचारतो, दोष कोणाचा? प्राचीन रोमी लोकही हेंच विचारीत.

रोमी राज्यकर्ते अशा उत्पातांस देवांचा कोप समजून यज्ञ व प्रार्थना ठरवीत. इतिहासकार लिव्ही ह्यानें त्यांच्या नोंदी ठेविल्या आहेत. तत्त्वज्ञानी सेनेका ह्यानें मात्र कंपानियांतील इ. स. 62 च्या सुमाराच्या भूकंपाविषयीं लिहितांना म्हटलें कीं, हीं कृत्यें देवांच्या क्रोधाचीं नव्हत. त्यांस स्वतःचीं कारणें आहेत. भूगर्भांतील वायु हें त्याचें कारण आज कोणी मानीत नाहीं. तथापि कारण समजल्यानें भय ओसरतें, हा त्याचा बोध खरा आहे.

इ. स. 79 त व्हेसुव्हियस पर्वत फुटला, तेव्हां आरमाराचा अधिपति थोरला प्लिनी गलबतें घेऊन लोकांस वांचवावयास गेला आणि किनाऱ्यावरच मरण पावला. त्याच्या भाच्यानें टॅसिटस ह्यास लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे कीं, त्या काळोखांत कित्येक देवांचा धांवा करीत, तर पुष्कळ जण आतां देव उरलेच नाहींत असें म्हणत.

पुढें हा दोष आपल्या पूर्वजांवर आला. कार्थेजचा तर्तुल्यन सुमारें इ. स. 197 त लिहितो कीं, नदीस पूर येवो, पाऊस न पडो अथवा भूमि हालो, ख्रिस्ती लोकांस सिंहापुढें टाका अशी ओरड होई. त्याचें उत्तर सरळ होतें : ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीं संकटें येत नव्हतीं काय?

तुम्हीं पूर्वजांचे देव सोडिले म्हणून हें झालें, असें कोणी म्हणाल्यास हेंच उत्तर सौम्यतेनें द्यावें. परंतु शेजाऱ्याचें घर पडलें तें त्याच्या मूर्तिपूजेमुळें, असें आपणही बोलूं नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते हें मत प्रभूनें नाकारिलें आणि ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविलें.

अगबानें दुष्काळाचें भविष्य सांगितलें, तेव्हां अंत्युखियाच्या मंडळीनें कोणाचें पाप हें शोधिलें नाहीं. प्रत्येकानें ऐपतीप्रमाणें देऊन यहूदीयांतील बंधुजनांस मदत पाठविली.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न : (1) प्रभूनें कोणता समज खोडून काढिला? (2) पुढील वादळापूर्वीं आपल्या गांवांतील कोणत्या वृद्धांस व विधवांस पक्क्या इमारतींत कोण नेईल?