अॅपमध्ये नसलेला ठिपका

प्रश्न : संध्याकाळी साडेसातला गच्चीवरून एक न लुकलुकणारा ठिपका उत्तरेकडून दक्षिणेला जाताना दिसला. मोबाईलच्या अॅपमध्ये त्याचं नाव नाही. टेहळणी उपग्रह असेल का? तो पुन्हा कधी येईल, हे मला काढता येईल?
– एक वाचक, मैंदर्गी (ता. अक्कलकोट)

उत्तर : असू शकेल. अमेरिका आपल्या टेहळणी उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाही. पण उन्हात चमकणारी वस्तू लपत नाही. हौशी निरीक्षक दुर्बीण आणि स्टॉपवॉचवर त्या कक्षा काढत आले आहेत.

ठिपका दोन ओळखीच्या ताऱ्यांमधली रेघ ओलांडेल त्या क्षणी स्टॉपवॉच दाबा. रेघ नेमकी कुठे छेदली तेही लिहा. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो, म्हणजे दशांश सेकंदाची चूक पाऊण किलोमीटरची! घड्याळ जीपीएसच्या वेळेशी जुळवा, गच्चीचे अक्षांश-रेखांश टिपा. चार-पाच रात्रींच्या नोंदींवर कक्षा बसवता येते.

भाकीत मात्र वेळेत चुकतं. विरळ हवेचं घर्षण रोज सारखं नसतं, शिवाय हे उपग्रह इंजिन पेटवून कक्षाही बदलतात. ठिपका मिनिटभर उशिरा आला, तर तेवढ्यात मैंदर्गी पृथ्वीबरोबर २६-२७ किलोमीटर पूर्वेला गेलेली असते. वाट तितकी पश्चिमेला शोधा.

२ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं. ते २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचं असावं, हे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी अशाच कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं होतं. तुमच्या नोंदी जरूर पाठवा, आपण मिळून कक्षा बसवू.