चालणारी टेकडी

भूगोलाच्या तासास डोंगराची माहिती शिकतांना तो जागचा हलत नाहीं, हें आपण न सांगतांच गृहीत धरतों. नकाशावर एकदां टिंब दिलें, कीं तें आपल्या नातवंडांच्याही उपयोगीं पडावें अशी आपली अपेक्षा असते. डेन्मार्क देशाच्या उत्तर टोकास मात्र एक टेकडी अशी आहे, कीं तिचें टिंब वरचेवर खोडून थोडें पुढें काढावें लागतें. तिचें नांव रॉबियर्ग मीले. ‘मीले’ हा शब्द तिकडच्या भाषेंत अशा सरकत्या वाळूच्या टेकडीसाठींच योजतात. ती पाहण्याचा योग आम्हांस आला, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम जागा नीट समजून घ्या. जटलंड द्वीपकल्पाचा उत्तरेकडील भाग नकाशांत मुख्य भूमीस जोडल्यासारखा दिसतो. वस्तुतः तें एक बेट आहे. लिमफ्यॉर्ड नांवाचें पाणी पूर्वेकडून आंत शिरलेलें होतें, परंतु पश्चिमेस वाळूचा एक अरुंद बांध शिल्लक होता. इ. स. १८२५ च्या फेब्रुवारी महिन्यांतील वादळानें तो फोडला आणि पाणी आरपार झालें. या बेटाची उत्तरेकडील निमुळती जीभ म्हणजे स्कागेनचा प्रदेश. तिच्या एका अंगास स्कागेराक व दुसऱ्या अंगास कॅटेगॅट हे दोन समुद्र आहेत. आमची टेकडी सोळाव्या शतकांत पश्चिम किनाऱ्याजवळ जन्मास आली, आणि तेव्हांपासून ती एका समुद्राकडे पाठ करून दुसऱ्याकडे निघालेली आहे.

हुल्सिग नांवाच्या लहानशा स्थानकावर आगगाडींतून उतरून आम्ही पायीं निघालों. बरोबर आमचे एक स्नेही होते. कोंकणांत समुद्राकांठीं त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाळूशीं त्यांचें जुनें वैर आहे. बुटक्या झुडपांच्या माळावरून तास-दीड तास चालल्यावर क्षितिजावर फिकट पिवळी रेघ दिसूं लागली. जवळ जातांच झाडझुडूप संपलें आणि नुसती वाळू सुरू झाली. या वाळूचा विस्तार सुमारें एक चौरस किलोमीटर असून माथा समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरपर्यंत उंच आहे. एकंदर वाळू पस्तीस ते चाळीस लक्ष घनमीटर भरते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच असा वर्ग कल्पा. असे सुमारें वीस हजार वर्ग भरतील एवढी ती वाळू होते!

ही एवढी रास वर्षास अठरा मीटरपर्यंत सरकते. गणित करून पाहा, दिवसास साधारण पांच सेंटिमीटर होतात. जो मुलगा पहिल्या इयत्तेंत बसला, तो शाळा सोडून जाईपर्यंत टेकडी त्याच्या खेळाच्या मैदानाहून अधिक अंतर चालून गेलेली असेल.

परंतु माथ्यावर उभें राहिलें असतां कांहींच हलतांना दिसेना, आणि खरें सांगावयाचें तर आमची थोडी निराशा झाली. मग आम्ही खालीं बसलों, तेव्हां उलगडा झाला. जमिनीलगत वीतभर उंचीवर वाळूचा एक पातळ पडदा अखंड धांवत होता; उभ्या माणसाच्या नजरेंत तो भरत नाहीं. वारा कण उचलतो, कण थोडा उडून खालीं आपटतो, आणि त्या धक्क्यानें दुसरे कण उसळतात. अशा उड्या मारीत वाळू वाऱ्याकडील सौम्य उतारावरून माथ्यावर चढते. पलीकडची बाजू वाऱ्याच्या आडोशास असल्यामुळें तेथें कण पडून राहतात. उतार फार उभा झाला, कीं वरचा थर घसरून पायथ्याशीं जातो. मागून उचलावें आणि पुढें टाकावें, एवढीच या टेकडीच्या चालण्याची रीत आहे. आम्हीं भाकरी सोडून खाल्ली तेवढ्या वेळांत आमच्या पावलांचे ठसे बुजून गेले होते, आणि भाकरीही दांतांखालीं कचकच वाजत होती.

टेकडीच्या मागें काय उरतें, तें पाहण्यासाठीं आम्ही पश्चिमेकडे उतरलों. तेथें सपाट, ओलसर जमीन लागली. मधून मधून पाण्याचीं उथळ डबकीं होतीं. वारा वाळू खणीत खणीत भूगर्भांतील पाण्याच्या पातळीपर्यंत पोंचतो आणि तेथें त्याचें कांहीं चालत नाहीं, कारण भिजलेली वाळू त्याला उचलत नाहीं. त्या ओलाव्यावर शेवाळ व गवत धरूं लागतें. टेकडीच्या दोन्ही कडा अशा गवतानें जखडल्या जाऊन मागें रेंगाळतात आणि मधला भाग मोकळा पुढें जातो. म्हणून वरून पाहिल्यास तिचा आकार घोड्याच्या नालासारखा होतो.

आतां या चालण्याचा माणसांस काय उपद्रव झाला, तें ऐका. पूर्वी या किनाऱ्यावरचें गवत लोक कापून नेत, त्यावर गुरें चारीत, झाडें सरपणास तोडीत. गवताच्या मुळांनीं धरून ठेविलेली वाळू उघडी पडली, वादळें होतींच, आणि शेतेंच्या शेतें गाडलीं गेलीं. स्कागेन गांवाबाहेर संत लॉरेन्स यांच्या नांवाचें एक जुनें चर्च होतें. अठराव्या शतकांत वाळू त्याच्या भिंतींशीं येऊन ठेपली. उपासनेस येणाऱ्या मंडळीस आधीं दार खणून काढावें लागे. अखेर इ. स. १७९५ मध्यें तें बंद केलें. पुढें मुख्य इमारत पाडली, पण मनोरा तेवढा गलबतांस खूण म्हणून राखला. तो पांढरा मनोरा वाळूंतून डोकें काढून अद्याप उभा आहे. हान्स क्रिश्चन अँडरसन यांनीं इ. स. १८५९ मध्यें या प्रदेशाचा प्रवास केला आणि या चर्चवर आपल्या एका गोष्टीचा शेवट योजला.

सरकारनें इ. स. १७९२ मध्यें वाळू आवरण्याविषयीं कायदा केला. मारम नांवाचें एक ताठ पात्यांचें गवत किनाऱ्यावर लावण्यांत आलें. त्याच्यावर वाळू पडली तर तें मरत नाहीं. उलट वाळूंतून वर वाढतें आणि नवीं मुळें सोडतें. आपल्याकडे पुळणीवर पसरणारी मर्यादवेल हेंच काम करते. गवतामागून झाडें लावलीं, आणि एकोणिसाव्या शतकांत बहुतेक वाळू बांधली गेली. ही एकच मोठी टेकडी राहिली. ती मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें विकत घेतली आणि बुद्ध्याच मोकळी सोडली. सरकती वाळू म्हणजे काय संकट होतें, हें पुढील पिढ्यांस डोळ्यांनीं पाहतां यावें, हा त्यांतील हेतु.

हें ऐकून आमचे स्नेही मध्येंच थांबले. “अहो मास्तर, साप मारतां येत असून एक मुद्दाम पाळावयाचा, ही कसली रीत? माझ्या वाडींत एका पावसाळ्यापूर्वीं विहिरींत वाळू आली, तर आम्हीं रातोरात कुडण घातलें आणि पुढच्याच वर्षीं सुरू लावले.”

आम्हीं म्हटलें, “पण तुमच्या नातवानें ती वाळू पाहिली आहे का?”

“नाहीं. सुरू पाहिले आहेत. गेल्या साली त्यांतले दोन तोडूं का म्हणून विचारीत होता.”

यावर ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “पण ही पुढें कोठें जाणार?”

तेथेंच खरी अडचण आहे. टेकडीच्या वाटेवर स्कागेनास जाणारा हमरस्ता येतो. शंभर ते दोनशें वर्षांत ती त्यावर पोंचेल, असा जाणत्यांचा अंदाज आहे. तेव्हां रस्ता हलवावा कीं टेकडी बांधावी, याचा निकाल आज जन्मासही न आलेल्या माणसांनीं लावावयाचा आहे. वाडीच्या मालकांचें मत टेकडी बांधावी असेंच राहिलें. आमचें मत रस्ता हलवावा असें आहे; परंतु त्या रस्त्याकडेस आमचें घर नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

संध्याकाळीं त्याच रस्त्यानें आम्ही परतलों. स्नेही खिडकीशीं बसून टेकडी दिसते का तें पाहत होते, पण मध्यें झाडें आलीं. मुक्कामीं पोंचल्यावर त्यांनीं बूट झाडले, तेव्हां ओंजळभर वाळू निघाली. ती त्यांनीं कागदाच्या पुडींत बांधून ठेविली. नातवास दाखवावयाची आहे, असें म्हणाले.