स्क्रूची भोकं जुळली, तरी बोर्ड बसत नाही

गेमिंग लॅपटॉप म्हातारा होतो तो हळूहळू. आधी नवे गेम अडखळायला लागतात, मग पंख्यांची घरघर वाढते, आणि एक दिवस त्याच मालिकेतलं नवं मॉडेल मित्राच्या टेबलावर दिसतं. बाहेरून अगदी आपल्यासारखंच, पण आतला प्रोसेसर दोन पिढ्या पुढचा. मग साहजिकच वाटतं, पत्रा तोच असेल तर आतलं सामानही बदलता येईल.

विलेपार्ले पश्चिमेला संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय, मिठीबाई, एनएमआयएमएस अशा संस्था जवळजवळ आहेत, त्यामुळे असे लॅपटॉप बाळगणारी मुलं तिथं कमी नाहीत. त्यांच्या लेखी हे यंत्र केवळ खेळण्यासाठी नसतं. कॅडची ड्रॉइंग, व्हिडिओ संपादन, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, सगळं त्याच्यावरच चालतं. शिवाय पार्ल्याहून धीमी लोकल पकडली की ग्रँट रोड एका गाडीत गाठता येतं, आणि स्टेशनजवळच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. कागदोपत्री नाव हे असलं तरी सुट्या भागांसाठी जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

तिथूनच पार्ल्यातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपसाठी नव्या मॉडेलचा मदरबोर्ड आणला. त्याच्या यंत्रात इंटेलचा आय७-७७००एचक्यू हा सातव्या पिढीचा प्रोसेसर होता आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही, म्हणून त्याची धडपड अनाठायी नव्हती. नवा बोर्ड त्याच मालिकेतल्या, स्क्रीन फुटलेल्या यंत्रातून काढलेला होता. त्यावर आय७-९७५०एच हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० टीआय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही बोर्डावरच जोडलेले असल्यामुळे एक बोर्ड बदलला की दोन्ही बदलणार, हा त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवायचे राहिलेच नाहीत, ते थेट बोर्डाला डाग दिलेले येतात. दुकानदाराने दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, ‘फिट हो जाएगा.’

बोर्ड बसलाही. स्क्रूची भोकं जवळपास सगळी जुळली. अडचणी त्यानंतर सुरू झाल्या.

पहिली अडचण स्क्रीनची. जुना पॅनेल ६० हर्ट्झचा, ३० पिनांच्या केबलवर चालणारा. नव्या बोर्डावरचं कनेक्टर ४० पिनांचं, कारण ते मॉडेल १४४ हर्ट्झच्या पॅनेलसह येत होतं. म्हणजे केबल नवी हवी, आणि वेग हवा असेल तर पॅनेलही नवा. इथं एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: ओढूनताणून बसेल अशी केबल लावू नये. बॅकलाइटचा विद्युतप्रवाह त्याच केबलमधून जातो. तो भलत्या पिनेला मिळाला तर पॅनेल तर जातोच, कधी बोर्डही जातो.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि बहुतेकांचे पैसे बुडतात ते इथंच. लॅपटॉपमधल्या तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या त्या एका बोर्डाच्या मापाने वाकवलेल्या असतात. चिप काही मिलिमीटर सरकली किंवा तिची उंची किंचित बदलली, की नळीची पट्टी तिच्यावर नीट टेकत नाही. ग्राफिक्सच्या मेमरी चिपवर जे थर्मल पॅड लावतात त्यांची जाडी अर्धा मिलिमीटर, एक, दीड अशी ठरलेली असते. एका मिलिमीटरच्या जागी अर्धा लावला तर मध्ये हवा राहते, आणि मेमरी तापत राहते. जाड लावला तर नळीची पट्टीच मुख्य चिपवरून उचललेली राहते. त्या विद्यार्थ्याने जुनाच हीटसिंक नव्या बोर्डावर आवळला. साधं काम करताना काही जाणवलं नाही, पण गेम सुरू केला की थोड्याच वेळात प्रोसेसरचा वेग कोसळायचा आणि मग यंत्र स्वतःहून बंद व्हायचं.

बंद होण्यामागे आणखी एक कारण होतं, ते चार्जरमध्ये. जुना अडॅप्टर १३५ वॉटचा. ९७५०एचची कागदावरची मर्यादा ४५ वॉट, १६६० टीआयची ८०. बेरीज १२५ झाली. उरलेल्या १० वॉटमध्ये स्क्रीन, पंखे, एसएसडी आणि बॅटरीचं चार्जिंग हे सगळं भागवायचं, तेही प्रोसेसर टर्बोमध्ये ४५ च्या बराच वर जात असताना. असं यंत्र मग बॅटरीतून उसनी वीज घेतं, आणि बॅटरी म्हातारी असेल तर तेही जमत नाही. नवा हीटसिंक, नवे पंखे, मोठ्या क्षमतेचा अडॅप्टर, स्क्रीनची केबल आणि शक्यतो पॅनेल अशी यादी झाल्यावर खर्चाचा आकडा चांगल्या अवस्थेतल्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीशी येऊन भिडला. तेव्हा त्याने जुना बोर्ड परत बसवला.

कंपन्यांच्या शब्दावर विसंबणाऱ्यांनाही हा धडा मिळालेला आहे. डेलने जानेवारी २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम जाहीर केला तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही बदलता येण्याची सोय हे त्याचं मोठं आकर्षण होतं. त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसत असे, ग्राफिक्सचं कार्डही सुटं होतं. पण २०२० मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती नव्या सॉकेटसह. इंटेलचे दहाव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १२०० मध्ये बसणारे, आधीच्या यंत्रातलं सॉकेट एलजीए ११५१. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात डेलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. अपग्रेडचं आश्वासन दिशाभूल करणारं होतं, असं त्यात म्हटलं होतं. उलट उदाहरण फ्रेमवर्क कंपनीचं. त्यांच्या १६ इंची लॅपटॉपसाठी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चं ग्राफिक्स मोड्यूल जाहीर झालं, आणि ते आधी विकलेल्या यंत्रांतही बसतं. ही सोय आराखड्यातच ठरवावी लागते. दुकानात घासूनपुसून ती निर्माण होत नाही.

मग आपल्या जुन्या यंत्रात बदलायचं तरी काय? ज्या भागाचं माप सगळ्या उद्योगाने मिळून ठरवलेलं आहे, तो भाग बिनधास्त बदलावा. रॅम आणि एसएसडी यांत सर्वांत पुढे. तरी रॅम घेताना पिढी पाहावी. लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी २६० पिनांची, डीडीआर५ ची २६२ पिनांची, आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी जात नाही. नव्या लॅपटॉपमधली ३२०० वेगाची डीडीआर४ पट्टी जुन्यात सहसा चालते, पण २४०० चा बोर्ड तिला २४०० नेच चालवतो. म्हणून वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, त्यामुळे मित्राच्या यंत्रातून निघालेली पट्टी हाती लागत असेल तर ती घ्यावीच.

एसएसडीचं सोपं आहे. चौथ्या पिढीची एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या खाचेत बसते, फक्त सेकंदाला ७००० एमबीऐवजी ३५०० च्या आसपास धावते. पण काही जुन्या बोर्डांवरची एम.२ खाच केवळ साटाची असते, तिथं एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. वाय-फाय कार्डातही असाच सापळा आहे. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जुळ्या बहिणी. पहिली जुन्या यंत्रांत चालते, दुसरी मात्र तिला साथ देणारा इंटेलचाच नवा प्रोसेसर असल्याशिवाय कामच करत नाही.

खरेदीला निघण्याआधी लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडावं आणि बोर्डावर छापलेल्या क्रमांकाचा फोटो काढावा. मॉडेलचं नाव दुकानदाराला सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे बोर्ड विकले गेलेले असतात. एलए-, एनएम- किंवा डीए० ने सुरू होणारा बोर्डाचा क्रमांक, आणि प्रत्येक भागावरचा कंपनीचा सुटा क्रमांक जुळला तरच पैसे काढावेत. काही मोठ्या कंपन्या दुरुस्ती-पुस्तिका खुली ठेवतात. तिच्यात कुठला भाग कुठल्या मॉडेलला लागतो हे असतं. वापरलेला बोर्ड असेल तर तो दुकानातच चालू करून, बायोसला पासवर्ड नाही हे पाहून, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर तक्रार उभी राहत नाही. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर निदान दाद तरी मागता येते.

शेवटचं काम झाकण उघडण्याच्या आदल्या दिवशीचं. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर त्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या सुरक्षा-चिपशी बांधलेली असते. डिस्क दुसऱ्या बोर्डावर लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर प्रकल्पाच्या सगळ्या फाइली आत अडकतात. की आधी कागदावर उतरवावी, फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा; झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवावं.