पुस्तकांची फिरती पेटी

मुलांनो, आपल्याजवळचा लाडू दुसऱ्यास दिला, तर आपला वाटा तेवढा कमी होतो. पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी आहे. आपण वाचलेले पुस्तक मित्रास वाचावयास दिले, म्हणून आपल्या मनातील त्याचा आनंद उणा होत नाही. उलट, मित्र ते वाचतो, त्यास आवडलेला भाग आपणांस सांगतो, आपल्या नजरेतून निसटलेली एखादी गोष्ट दाखवितो, आणि मग तेच पुस्तक आपणांस नव्याने कळू लागते. वाचावयाचे एकट्याने असले, तरी वाचनाची गोडी वाढते ती सोबतीने. एका राज्यकर्त्याने हे ओळखले आणि आपल्या राज्यातील खेड्याखेड्यांत पुस्तके पोहोचविली. त्याची व त्याच्या पुस्तकपेट्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कौळाणे नावाचे गाव आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबात १८६३ मध्ये गोपाळ नावाचा मुलगा जन्मास आला. पुढे बडोद्याच्या गादीस वारस हवा होता, म्हणून १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी ह्या मुलास दत्तक घेतले. तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच होते. पण त्यास लिहिता-वाचता येत नव्हते! राजवाड्यात आल्यावर त्याने अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. मराठी, गुजराती, इंग्रजी अशा भाषा तो नेटाने शिकला. हाच मुलगा पुढे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्धीस आला. १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

ज्यास पुस्तकाचे दार उशिरा उघडते, त्यास त्या दाराचे मोल अधिक कळते. सयाजीरावांस वाचनाची मनापासून आवड लागली. परंतु ती आवड त्यांनी राजवाड्याच्या भिंतींआड कोंडून ठेवली नाही. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मात्र एवढ्याने काम पुरे होणार नव्हते. मूल शाळेत वाचावयास शिकते. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच आले नाही, तर शिकलेली अक्षरेही हळूहळू विसरली जातात. विहीर खणावी आणि दोर-पोहरा ठेवू नये, तसाच हा प्रकार! शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय आले पाहिजे, हे महाराजांच्या मनाने घेतले.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. तेथील एक जाणते ग्रंथपाल, बॉर्डन ह्यांस त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. महाराजांच्या खासगी संग्रहातील हजारो ग्रंथ लोकांसाठी खुले झाले आणि शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पण शहरातील ग्रंथालयाचा लाभ खेड्यातील शेतकऱ्यास कसा व्हावा? नांगर सोडून तो बडोद्यापर्यंत कसा जाईल? ह्या प्रश्नाचे उत्तर साधे होते. वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे!

अशा विचारातून फिरत्या पेट्या निघाल्या. मजबूत लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरावयाची आणि ती पेटी गावातील एखाद्या जबाबदार माणसाच्या स्वाधीन करावयाची, अशी व्यवस्था होती. पुस्तके वाचण्यास मोल पडत नसे. पेटी नेण्या-आणण्याचा खर्चही संस्थान सोशीत असे. ठरलेली मुदत संपली, की पेटी परत जाई. एकच पुस्तक अशा रीतीने गावोगाव फिरे आणि प्रत्येक ठिकाणी नवे वाचक मिळवी. ज्यांस वाचता येत नव्हते, त्यांचाही विसर पडला नव्हता. त्यांच्यासाठी चित्रे व चित्रपट दाखविण्याची सोय ग्रंथालय खात्याने केली होती.

केवळ सरकारी हुकूम सुटला, म्हणून मात्र कोणी वाचनप्रेमी होत नाही. हुकमाने पेटी गावात येईल. ती उघडावी असे वाटणे हे माणसाच्या मनावरच अवलंबून आहे. ह्या कामी मोतीभाई अमीन ह्या शिक्षकांचे स्मरण अवश्य केले पाहिजे. बॉर्डन बडोद्यास येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, मोतीभाईंनी ठिकठिकाणी वाचकांना एकत्र आणून लहान लहान वाचनालये सुरू केली होती. त्या वाचनालयांस त्यांनी नाव दिले ‘मित्रमंडळ’. किती समर्पक नाव! वाचनालय म्हणजे नुसती कपाटे नव्हेत. ते पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या मित्रांचे मंडळ आहे, असेच जणू ह्या नावातून सुचते. पुढे संस्थानाने मोतीभाईंस ग्रंथालय खात्यात आणले आणि खेड्यांतील वाचनालयांच्या कामात त्यांचे साहाय्य घेतले.

गावातील वाचनालयासाठीही एक सुंदर नियम होता. गावकऱ्यांनी आधी आपली वर्गणी गोळा करावयाची. मग तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने द्यावयाची. त्यामुळे वाचनालय हे कोणी दिलेले दान न राहता गावाच्या स्वतःच्या मालकीचे होई. १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले, तोवर शेकडो गावांत अशी वाचनालये चालू झाली होती.

पुढे संस्थाने गेली, राज्यांच्या सीमा बदलल्या. पण पेटीची कल्पना जुनी झाली नाही. सयाजीराव ज्या नाशिक जिल्ह्यात जन्मले, त्याच जिल्ह्यातील नाशिक शहरात २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू झाला. वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटी द्यावयाची, गटातील साऱ्यांनी ती पुस्तके वाचावयाची आणि मग दुसऱ्या गटाशी पेटीची अदलाबदल करावयाची, अशी ही योजना आहे. परदेशांत राहणाऱ्या मराठी वाचकांपर्यंतही अशा पेट्या जाऊन पोहोचल्या.

मुलांनो, अशी पेटी तुमच्या वर्गातही फिरू शकेल. तुमच्याच वर्गात असा एखादा सोबती असेल, की ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकांवाचून दुसरे पुस्तक नाही. त्याने तसे कधी बोलून दाखविले नसेल. पण तुम्ही पुस्तकाविषयी बोलू लागलात, की तो कान देऊन ऐकत असेल. ज्यांच्याजवळ पुस्तके आहेत, त्यांनी एकेक आणून वर्गाच्या पेटीत ठेवावे. ज्याच्याजवळ पुस्तक नाही, त्याने पेटी सांभाळावी, वहीत नोंद ठेवावी. त्याचाही अधिकार इतरांएवढाच मानावा. पुस्तक घेताना हात स्वच्छ असावेत, पाने दुमडू नयेत, ठरल्या दिवशी ते परत करावे. कारण आपल्यामागून वाचणारा त्याची वाट पाहत असतो.

आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून बसावे. आपण काय वाचले, त्यात काय आवडले, काय पटले नाही, हे मोकळेपणाने सांगावे. मात्र गोष्टीचा शेवट सांगून दुसऱ्याची उत्सुकता मारू नये. एखाद्यास आपले आवडते पुस्तक आवडले नाही, तर रागावू नये. ‘तुला ते का आवडले नाही?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकावे. दुसऱ्याचे मत ऐकून घेण्याची ही सवय पुढे संसारात आणि समाजात फार उपयोगी पडते.

बाराव्या वर्षापर्यंत ज्यास एक अक्षरही ठाऊक नव्हते, त्या मुलाने मोठेपणी हजारो लोकांच्या हाती पुस्तके दिली. तुम्हांस तर अक्षरे केव्हाच आली आहेत. आज घरी गेल्यावर आपल्याजवळचे एखादे आवडते पुस्तक काढा, त्यावरची धूळ झटका, आणि ते प्रथम कोणास द्यावयाचे ह्याचा विचार करा.

स्वाध्याय

१. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय आले पाहिजे, असे सयाजीरावांस का वाटले?
२. वाचनालयास ‘मित्रमंडळ’ हे नाव समर्पक का वाटते?
३. गावकऱ्यांनी आधी स्वतः वर्गणी गोळा करावयाची, ह्या नियमाचा कोणता लाभ झाला?
४. तुमच्या वर्गाच्या पेटीसाठी पाच नियम तयार करा आणि तुम्ही त्या पेटीत कोणते पुस्तक ठेवाल, ते कारणासह लिहा.